खोबण

दात परत आला. एवढंच झालं, पण सकाळ नासायला तेवढं पुरलं. दातांच्या दवाखान्यांतून लॅबमध्ये डबे पोचवणारा माणूस नेहमीसारखा जिना चढून वर आला, नेहमीसारखा धापा टाकत 'लिफ्ट कधी लावताय' म्हणाला, आणि रिकाम्या डब्यांच्या चळतीवर एक भरलेला डबा ठेवून खाली उतरला. तिने झाकण काढलं तर आत तिनेच गेल्या आठवड्यात केलेली दाढ. पोर्सेलिनची. शेजारच्या दाढेशी रंग जुळवून केलेली, वरच्या खाचांत पिवळट छटेचा पुसट हात दिलेली, कारण खरी दाढ कधी पांढरीशुभ्र नसते आणि पांढरीशुभ्र दाढ तोंडात शर्टाच्या बटणासारखी दिसते. तिचे दात परत येत नसत. दुसऱ्यांचे येत. लॅबच्या मालकाचे स्वतःचेसुद्धा येत, आणि मग तो 'हल्लीच्या डॉक्टरांना माप घ्यायची अक्कल नाही' असं म्हणत दिवसभर धुसफुसत राही. तिचे येत नसत. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण आतल्या आत याच एका गोष्टीला टेकून ती इतकी वर्षं त्या स्टुलावर बसली होती. तिने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. ''उंच आहे हो,'' डॉक्टर म्हणाले. ''तोंड मिटलं की तोच आधी लागतो. घासून घासून मी थकलो, वरची चकाकी गेली पार.'' ती म्हणाली, ''तुमचं माप ओढलं गेलं असेल.'' ''माप ठीक आहे.'' ''मग पेशंटने तोंड नीट मिटलं नसेल.'' ''बाई,'' डॉक्टर म्हणाले आणि थांबले. या डॉक्टरांची रागवायची हीच पद्धत होती, 'बाई' म्हणायचं आणि थांबायचं. तिने फोन ठेवला. म्हणे उंच आहे!

उंच म्हणजे असा किती उंच असणार? कागदाच्या जाडीएवढा. पण जबड्याइतकं कटकटं गिऱ्हाईक जगात नाही, कागदाएवढा दात उंच झाला तरी अख्खं डोकं ठणकवून ठेवतो. तिने वरच्या-खालच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे यंत्रावर चढवले. हे यंत्र म्हणजे पितळेची बिजागरी, तिला वर एक जबडा, खाली एक जबडा, आणि दोघांमधलं अंतर पक्कं धरून ठेवायला मागे एक बोटभर स्क्रू. मध्ये दात लागेल तिथे ठिपका उमटवणारा निळा कागद धरून तिने जबडे मिटले, उघडले. दाढेवर निळा ठिपका कुठेच नव्हता. यंत्रावर दात बरोबर होता. मग ती म्हणाली तेच खरं, चूक डॉक्टरांची, आणि आता पुन्हा फोन करून 'डॉक्टर' म्हणून आपणही थांबायचं, असा विचार करत तिने सहज मागच्या स्क्रूला हात लावला. तो फिरला. नुसत्या बोटाने फिरला. जो स्क्रू आवळल्यावर पक्कडीशिवाय हलता कामा नये तो असा सैल होता, आणि अंतर गुपचूप वाढत गेलं होतं, आणि त्या वाढलेल्या अंतरावर तिने तिची सुंदर दाढ उभी केली होती. तिने तो अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून आवळायला घेतला. चिमूट बसेना. बोटांच्या मुळाशी कुणीतरी गरम खडे भरून ठेवल्यासारखं झालं. गेले कित्येक दिवस ती हा स्क्रू 'जमेल तेवढा' आवळत होती, हे तिच्या हातांना माहीत होतं. तिला नव्हतं, किंवा होतं, पण तिने ते मनावर घेतलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मालक भट्टीपाशी पाठमोरा होता. तिने पक्कड घेतली आणि दातओठ खात स्क्रू आवळला.

सकाळी बोटं मिटत नाहीत याला ती तोवर 'आखडलीत' म्हणत होती. आखडण्यात काय, सगळेच आखडतात पन्नाशीला. पण आखडणं दुपारी जातं आणि दुसऱ्या सकाळी वक्तशीर परत येतं, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखं, मोजून दिल्यासारखं, हे काय आखडणं झालं? सकाळी ब्लाउजचं बटण म्हणजे नाकी नऊ. ती आरशासमोर उभी राहून त्या बटणाशी झगडे, घामाघूम होई, आणि कोण जाणे का, रोज तिच्या मनात एकच येई, तिकडे मोठीचं बटण एका झटक्यात लागलं असेल. मोठी म्हणजे तिची बहीण. जुळी. पाव तास आधी जन्मली एवढ्या भांडवलावर ती आयुष्यभर मोठी राहिली आणि ही छोटी. पन्नाशीच्या बाईला सगळं घराणं छोटी म्हणतं, भाचेसुद्धा छोटी मावशी म्हणतात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शाळेत नंबर लावताना मोठी पुढे, लग्न मोठीचं आधी, चष्मा मोठीला आधी, केस पांढरे मोठीचे आधी, तेही तिने मिरवले. आणि बटण? बटण लागलं असेलच. घासलेल्या गुळगुळीत बोटांनी, आरशात न बघता, एकीकडे फोनवर बोलत.

नवऱ्याने तर मदतीचा उच्छाद मांडला. भला माणूस आहे, हीच अडचण. एका रविवारी त्याने तिला न सांगता घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली. तिला जोर लागू नये म्हणून. तिने साखरेची बरणी नेहमीसारखी झाकणाला धरून उचलली आणि बरणी खाली, झाकण हातात. काचा आणि साखर यांचा एकमेकांशी इतका मेळ बसला की कुठली काच आणि कुठली साखर ते सांगता येईना. ''अहो, सांगायचं तरी!'' ती ओरडली. ''तुला आवडलं नसतं सांगितलेलं,'' तो म्हणाला. खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मग झाडू घेतला, आणि ती टेबलापाशी बसून त्याला कुठेकुठे राहिलं ते दाखवत राहिली, कारण झाडू धरवत नव्हता पण बोट दाखवता येत होतं. सल्ले तर विचारूच नका. शेजारीण म्हणाली थंड पाण्यात हात घालू नकोस. नणंद म्हणाली गरम पाण्यात घालू नकोस. मालक म्हणाला, ताण घेऊ नका, नाहीतरी आता नवीन मशीन येणारच आहे, ते कॉम्प्युटरवरून परस्पर दात कोरून देतं, तुम्ही नुसते तपासा. नुसते तपासा! जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला म्हणायचं, तुम्ही नुसता वास घ्या.

शेवटी ती सांध्यांच्या डॉक्टरकडे गेली. कोवळी पोर होती, भराभर बोलणारी, टेबलावर प्लास्टिकचा एक हात ठेवलेला, त्याचीही बोटं वाकडी. रक्त तपासून झालं होतं, आणि दवाखान्यात कसलासा अभ्यास चालू होता म्हणून जीनचीही तपासणी झाली होती. ''संधिवात आहे,'' डॉक्टर म्हणाली, ''पण म्हातारपणी झिजून होतो तो नव्हे. तुमच्या शरीराचे पहारेकरी तुमच्याच सांध्यांवर उठलेत.'' ''का?'' तिने विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती. दात उंच का, तर स्क्रू सैल. हात सुजले का, तर काय? डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. पेशी असतात, म्हणाली, त्या आतल्या मालाचे बारीक तुकडे बाहेर धरून उभ्या असतात, पहारेकऱ्यांना दाखवायला. हे आपलं, हे परकं, ते पहारेकरी ठरवतात. तुकडा धरायला एक खोबण असते. खोबणीचा आकार जीन ठरवतो, प्रत्येकाचा वेगवेगळा. ''तुमच्या खोबणीच्या काठावर एक छोटासा भाग असा आहे, की काही विशिष्ट तुकडे तिथे फार छान बसतात. तुमच्याच शरीराचे तुकडे, थोडे बदललेले. धुराने, धुळीने, कशाकशाने ते बदलतात. ते तिथे पक्के बसतात, पहारेकरी बघतात, आणि त्यांना वाटतं हा कुणी उपरा आहे.''

''म्हणजे चांगलं बसतं म्हणून बिघडतं?'' तिने विचारलं.

''असं म्हणायला हरकत नाही.''

हे तिच्या डोक्यात गेलं. जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं? खोबणीत तुकडा बसवणं. मेणात कोरायचं, प्लास्टर ओतायचं, चढवून बघायचं, काढायचं, केसभर घासायचं, पुन्हा चढवायचं, आणि बसला, की तो बारीकसा 'टक्' आवाज, जो शेजारच्या स्टुलावरच्यालाही ऐकू जात नाही, त्यासाठी सगळा खटाटोप. आणि आत, तिच्या स्वतःच्या आत, तिला न विचारता, कुणीतरी याहून नेमकं काम करून ठेवलं होतं आणि ते नेमकं होतं म्हणून तिची बोटं सुजली होती. हसावं की रडावं? डॉक्टरने विचारलं, कामात धूळ असते का. असते, ती म्हणाली, प्लास्टरची, पोर्सेलिनची, घासताना उडते. मास्क? मास्क असतो. नाकावर? मास्क हनुवटीवर असतो. सगळ्यांचाच असतो. दात घासला की कडेवर धूळ बसते आणि कड दिसत नाही, मग फुंकर मारावी लागते. मास्क लावून फुंकर मारता येत नाही. तिला हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्या कारागिराने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आधी फुंकर, मग नजर. हवेचा पाइप आहे तिथे, पण पाइपचा झोत आडदांड, कोवळी कड उडवतो. तोंडाची फुंकर हवी तेवढीच मारता येते. ती इतकी वर्षं फुंकर मारत आली होती आणि प्रत्येक फुंकरीआधी श्वास आत घेत आली होती.

''बहीण भाऊ?'' डॉक्टरने विचारलं.

''एक बहीण. जुळी.''

डॉक्टरचं पेन थांबलं. ''एकसारख्या?''

''लोकांना तसं वाटतं.''

लोकांना काय, आईलाही वाटे. पण तिला माहीत होतं. काम शिकत होती तेव्हा सरावासाठी तिने मोठीच्या तोंडाचं माप घेतलं होतं. मोठीने गुलाबी लगदा तोंडात घेऊन इतकं हसवलं की माप तीनदा वाया गेलं. मग प्लास्टर ओतून तिने दोघींचे जबडे शेजारी शेजारी ठेवले. तेच दात, तीच कमान, तीच पुढच्या दातांमधली फट, पण मोठीचा वरचा सुळा जरासा बाहेर वळलेला, हिचा सरळ. साचा एकच, पण प्लास्टर वेगळं घट्ट झालेलं. तिला तेव्हा त्या वळलेल्या सुळ्याचा फार आनंद झाला होता. आपण म्हणजे ती नाही, याचा तो हातात धरता येण्याजोगा पुरावा होता.

''म्हणजे हीच खोबण त्यांच्यातही आहे,'' डॉक्टर म्हणाली. ''पण घाबरायचं कारण नाही. एकसारख्या जुळ्या असल्या तरी बहुतेक वेळा एकीला होतो, दुसरीला होत नाही. नुसत्या जीनने काही होत नसतं. कित्येक लोक ही खोबण घेऊन ठणठणीत जगतात.'' मग मलाच का, हा प्रश्न तिने विचारला, आणि त्यावर जगातल्या सगळ्या डॉक्टरांकडे असतं तेच उत्तर या पोरीकडेही होतं, की नक्की सांगता येत नाही. धूळ असेल, आणखी काही असेल. ''त्या सिगारेट ओढतात का?'' ''ओढते? चिमणी आहे नुसती.'' डॉक्टरने पेन खाली ठेवलं. ''मग त्यांना आजच सांगा. ही खोबण आणि धूर दोन्ही एकत्र आले की धोका खूप वाढतो. सोडायलाच सांगा. अजून काही झालेलं नाही तोवर. तुमच्या सांगण्याने त्यांचे हात वाचतील.'' ती हो म्हणाली. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली, आणि रस्ता ओलांडताना तिच्या डोक्यात बाकी काही नव्हतं, नुसतं 'बहुतेक वेळा दुसरीला होत नाही'.

तिने सांगितलं नाही. संधिवात झालाय हे सांगितलं, गोळ्या सांगितल्या, डॉक्टर कोवळी आहे हे सांगितलं. सिगारेटचं तेवढं राहिलं. रोज संध्याकाळी फोन होई आणि दोघी पडद्याच्या कापडापासून भाच्याच्या नोकरीपर्यंत सगळं बोलत, आणि फोन ठेवताना तिला आठवे की राहिलं. राहिलं काय, ठेवलं. आधी तिने स्वतःला बजावलं, ती ऐकणार आहे का? सगळ्यांनी सांगून झालंय, आईने पाया पडून झालंय. मग बजावलं, फोनवर कशाला, भेटीत सांगू. भेट झाली तेव्हा भाचा होता. पुढच्या भेटीत मोठी घाईत होती. ही सगळी कारणं खरी होती, एकेक तपासून घेण्याजोगी, आणि त्यांच्या तळाशी जे होतं ते एकदा भांडी घासताना वर आलं. हातातून पातेलं निसटलं, मनगटातून कळ गेली, आणि ती मनात म्हणाली, होऊ दे की तिलाही. स्पष्ट, शब्दांत. ती नळ चालू ठेवून उभी राहिली. नवरा बाहेरून म्हणाला, ''काय पडलं?'' ''काही नाही,'' ती म्हणाली. असं आपल्याला वाटत नाही, वैतागात माणूस काहीही बोलतं, असं तिने स्वतःला समजावलं आणि विचार पुसून टाकला. पण तो उंच दातासारखा निघाला. मन मिटलं की तोच आधी लागायचा. धूर ओढणारी ती, राखेत लोळणारी ती, आणि सुजलेली बोटं माझी? मी एक फुंकर मारते, तर मला ही शिक्षा, आणि ती दिवसभर फुंकतेय तर तिला काहीच नाही? हा कुठला न्याय? न्यायाचं खूळ डोक्यात शिरलं की ते निघत नाही. सकाळी बटणाशी झगडताना आता ती नुसतं 'मोठीचं लागलं असेल' म्हणत नसे, तर ते लागलेलं तिला दिसे, आणि दातओठ खाऊन ती आपलं ओढी.

मग खांदे धरले. हात कानाच्या वर जाईनात, केस धुणं बंद झालं. नवरा म्हणाला मी धुतो, आणि त्याने ज्या पद्धतीने धुतले त्यानंतर तिने त्याला पुन्हा विचारलं नाही. मोठी म्हणाली, ''सोमवारी ये. पार्लर बंद असतं. धुऊन देते मस्त.'' मोठीचं केसांचं पार्लर होतं. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे डोकं धुवायचं बेसिन, आणि त्याच्याही मागे एक दार, जिथे उभी राहून ती दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये सिगारेट ओढे. आज सांगायचंच, असं ठरवून छोटी निघाली. आज आपल्याला कुणी चांगलं वागवणार आहे, मग आपणही चांगलं वागावं, इतका साधा हिशेब होता. पण जिन्याच्या दोन पायऱ्या चढून काचेचं दार ढकलताना मनगटातून ती ओळखीची कळ गेली आणि हिशेब विसकटला. आत मोठी पाठमोरी उभी, टॉवेलांच्या घड्या घालत, गाणं गुणगुणत. गुणगुणत! छोटीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

''आलीस? बस. काय तोंड केलंयस!''

''जे आहे तेच आहे.''

''माझंही तेच आहे, मी बरी दिसते.'' मोठीचे विनोद वर्षानुवर्षं हेच. छोटी बेसिनच्या खुर्चीत बसली, मान मागच्या खाचेत टाकली. छत दिसलं, पाण्याचे डाग पडलेलं. कुठेतरी काहीतरी कमी होतं आणि काय ते तिला कळेना. मग कळलं, धुराचा वास नव्हता. मागच्या दारापाशी राखेची बशी होती, तिच्यात केसांच्या पिना ठेवल्या होत्या. सुट्टी आहे म्हणून असेल. भिंतीवरच्या कात्र्या ओळीने टांगलेल्या, आणि खाली केस कापायचं, बॅटरीवर चालणारं मशीन. हल्ली कापायचं काम नवी मुलगी करते, मोठी फोनवर म्हणाली होती, 'मी आता नुसती मालकीण'. ते ऐकूनही छोटीचा जीव जळला होता. हिला काम सोडायची हौस, आणि मी पक्कडीने स्क्रू आवळतेय. कोमट पाणी डोक्यावरून वाहू लागलं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही राग आला. तेवढ्यात तिच्या पोटावर काहीतरी थंड येऊन पडलं. शॅम्पूची बाटली. नवी कोरी, झाकणाला सील.

''उघड गं जरा,'' मोठी म्हणाली.

छोटीला आधी खरंच वाटेना. मग ती ओल्या केसांनिशी उठून बसली. ''मी? मी उघडू? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मला ब्लाउजचं बटण लागत नाही, मला झाडू धरवत नाही, माझे दात परत यायला लागलेत, आणि तू मला सील तोडायला सांगतेस? तुझे हात कुठे गहाण पडलेत का?''

''ओरडू नकोस.''

''ओरडणार! एक बाटली उघडायची तर पेशंटच्या पोटावर टाकायची? इतकी वर्षं बघतेय, तुला दुसऱ्याचं दुखणं दिसतच नाही. तुला सगळं...''

''माझ्याने नाही उघडत!'' मोठी म्हणाली.

नळ चालू होता. मोठीने तो कोपराने बंद केला. कोपराने. छोटीने हे पाहिलं आणि मग तिने मोठीचे हात पाहिले. रोज आरशात, टेबलावर, स्टिअरिंगवर, पातेल्यावर जे हात बघून तिला वीट आला होता तेच हात, पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी फुगलेले, चामडी ताणून चमकणारी. फक्त हिच्यापेक्षा जुने. करंगळी बाहेर वळायला लागली होती, त्या सुळ्यासारखी.

''कधीपासून?''

''दुसरा हिवाळा. तू भेटलीस की हात पदराखाली.''

''दुसरा हिवाळा! आणि मला नाही सांगितलंस?'' तिचा आवाज चिरकला. ''तुझ्या डॉक्टरने विचारलं असेल ना, बहीण आहे का म्हणून? सांगा म्हणाला असेल ना?''

''म्हणाला. बहीण काय करते तेही विचारलं. धुळीचंही बोलला.''

''मग? मास्क तरी नीट लावला असता मी!''

''लावला असतास?'' मोठीने शांतपणे विचारलं. छोटी फुंकरीचा विचार करून आणखीनच भडकली. ''ते माझं मी बघितलं असतं! सांगायचं तू! आणि सिगारेट?''

''सोडली. दुखणं असह्य झालं तेव्हा, आत्ता कुठे सोडली, आधी नाही. त्यात काय मोठं.'' मोठी शेजारच्या खुर्चीच्या हातावर टेकली. ''हे बघ, तो म्हणाला, जुळ्या असल्या तरी बहुतेक वेळा एकीलाच होतो. म्हटलं, चला. नंबर माझा लागला. कांजिण्या आल्या तेव्हा काय झालं? मला आल्या, तुला मावशीकडे धाडलं. गालफुगी मला, तू मावशीकडे. खोकला मला, तू मावशीकडे बिस्किटं खातेस. आई काय म्हणायची, मोठीने घेतलं, छोटी सुटली. तसंच वाटलं मला. अगदी पक्कं वाटलं. तुला सांगून कशाला तुझ्या जिवाला घोर? सकाळी बटण लागायचं नाही ना, रडू यायचं, तेव्हा मी मनात म्हणायचे, असू दे, तिकडे छोटीचं लागत असेल.'' तिने नाक ओढलं. ''आणि मग तू फोन केलास की तुलाही झालाय. इतका संताप आला मला! मी घेतला होता ना तो? मग तुला कशाला आला?''

छोटीच्या मानेवरून पाण्याचा ओघळ पाठीत उतरत होता. तिने तो पुसला नाही. तेच बटण, तेच वाक्य. एकीकडून ते असं निघालं होतं आणि दुसरीकडून तसं. खोबण एकच होती म्हणतात.

''आणि तुझी डॉक्टर नाही म्हणाली?'' मोठीने विचारलं. ''बहिणीला सांगा, धूर सोडायला सांगा?''

''म्हणाली.''

''मग तू का नाही सांगितलंस?'' उत्तराची वाट न बघता मोठीने पदराने तिच्या कानातलं पाणी टिपलं, तळव्याच्या फुगवट्याने, बोटं न वापरता. ''मला घाबरवायचं नव्हतं, हो ना? वेडी कुठली.''

किती सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मोठीने दात कोरून, घासून, चकाकी देऊन हातात ठेवला होता, फक्त बसवायचा. आणि तो बसला असता, जन्मभर परत आला नसता. छोटीने तोंड उघडलं आणि तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला, मोठीच्या भलेपणाने, पाव तासाच्या मोठेपणाने, त्या कानातल्या पदराने, की ती ओरडलीच, ''अगं कसली वेडी! मला वाटत होतं तुलाही व्हावा! रोज वाटत होतं! तुझं बटण लागतंय म्हणून माझा जीव जळत होता! म्हणून नाही सांगितलं!''

मोठीचा हात कानाशी तसाच राहिला. आरशात दोघी दिसत होत्या, एक कोरडी, एक ओली. छोटीने खाली बघितलं. आता ही उठेल, म्हणेल 'जा', आणि बरोबरच म्हणेल.

''मग?'' मोठी म्हणाली. ''झालाच होता की.''

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तो गुलाबी लगदा तोंडात असताना हसली होती तशी, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. ''तेव्हाच सांगायचं होतंस. मी म्हणाले असते, हो बाई, झाला, आता झोप.'' छोटीला हसायचं नव्हतं. तिला रडायचं होतं, आणि तेही धड जमेना. ''यातही तूच आधी,'' ती म्हणाली. ''मेली, यातही तूच आधी!'' ''मोठी आहे मी,'' मोठी म्हणाली आणि बाटली छोटीच्या दोन तळव्यांत दाबून ठेवली. ''धर अशी. हलवू नकोस.'' तिने झाकणावर टॉवेल टाकला, दोन्ही मनगटं त्यावर रोवली आणि पूर्ण अंगाचा भार देऊन फिरवलं. पहिल्यांदा बाटलीच फिरली. दुसऱ्यांदा छोटी फिरली. ''धर म्हटलं ना!'' ''धरलीये! तू दाबतेस कशाला, फिरव!'' ''फिरवतेय!'' सील तुटलं आणि शॅम्पूचा एक भलामोठा गोळा छोटीच्या मांडीवर पडला. मोठीने तो तळव्याने उचलला आणि तसाच तिच्या डोक्यावर थापला.

''मान मागे टाक.''

छोटीने मान टाकली. छत, डाग, आणि वर उलटा मोठीचा चेहरा, सुळा बाहेर वळलेला. ती बोटांनी चोळत नव्हती, तळव्यांनी चोळत होती, हळूहळू, गोल गोल, आणि मध्येच थांबून आपले हात पाण्याच्या धारेखाली धरत होती. पाणी जरा जास्तच तापलं होतं.

''चटका बसतोय,'' छोटी म्हणाली. ''कमी कर.''

''थांब गं जरा,'' मोठी म्हणाली. ''माझ्या बोटांना बरं वाटतंय.''